स्टेंटच्या काडीमागचे सौदे

मारेगाव तालुक्यात कुणाच्या छातीत दुखायला लागलं आणि ईसीजीत झटका दिसला, की पुढचा प्रश्न रस्त्याचा असतो. करंजीला जाऊन नागपूर–हैदराबाद महामार्ग धरायचा आणि वडकी, हिंगणघाट, जाम करत नागपूर गाठायचं, की वणी-वरोऱ्यावरून जायचं, की यवतमाळ किंवा सावंगीला न्यायचं? दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी जवळच्या रुग्णालयातच द्यावं आणि मग पेशंटला पुढे हलवावं, असा हृदयरोगशास्त्राचा जगभरचा शिरस्ता आहे. मारेगावहून निघून नागपूरच्या कॅथलॅबच्या टेबलावर पोचेपर्यंत तेवढा वेळ सहज जातो. म्हणून इथल्या माणसासाठी पहिला उपचार ते इंजेक्शनच.

स्टेंटची गोष्ट त्यानंतरची. कॅथलॅबबाहेरच्या बाकावर सोबत आलेला भाऊ, जावई, गावातला एखादा जाणता बसलेला असतो. डॉक्टर बाहेर येऊन सांगतात की एक नस नव्वद टक्के बंद आहे, स्टेंट टाकावा लागेल. बाकावरून ठरलेलं उत्तर येतं, "साहेब, चांगल्यातला टाका. विदेशी असन तर विदेशी टाका." आणि उपचार सरकारी योजनेतून होत असेल तर मनात एक शंकाही असते, योजनेतला म्हणजे हलकाच देतील.

या बोलण्यात जीव अडकलेला असतो, त्याला हसण्यात अर्थ नाही. पण त्यामागची समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. स्टेंटमध्ये हलका, मध्यम, भारी अशा प्रती असतात आणि जास्त पैसे टाकले की सगळेच गुण जास्त मिळतात, असं आपण धरून चालतो. स्टेंटचं यंत्रशास्त्र तसं चालत नाही. त्यातला प्रत्येक गुण दुसरा कुठला तरी गुण थोडा सोडून मिळवलेला असतो. गेल्या चाळीस वर्षांत स्टेंट सुधारले ते याच सौद्यांमधून, आणि त्यांच्यातले मोठे घोटाळे झाले तेही एखादा सौदा अंगाशी आल्यामुळे.

सुरुवात फुग्यापासून झाली. १९७७ च्या सप्टेंबरात झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी जागत्या माणसाच्या हृदयाच्या धमनीत बारीक फुगा फुगवून अडथळा दाबून बाजूला सारला. कल्पना अफाट होती, पण धमनी ही जिवंत आणि लवचिक नळी. फुगा काढला की ती पुन्हा आत दबायची, कधी तिचं अस्तर फाटून आतला पापुद्रा वाटेत लोंबायचा, आणि बऱ्याच जणांमध्ये काही महिन्यांत तीच जागा पुन्हा बंद व्हायची. आतून टेकू हवा होता. १९८६ मध्ये फ्रान्समधल्या तुलूजला जाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझानला उलरिश सिगवार्ट यांनी माणसाच्या हृदयाच्या धमनीत पहिले स्टेंट बसवले. ते आपोआप उलगडणारे होते. फुग्यावर बसवून उघडायचा जो प्रकार आज सगळीकडे वापरतात, त्याचा जनक खुलिओ पाल्माझ हा मूळचा अर्जेंटिनाचा क्ष-किरणतज्ज्ञ. गवंड्याने गिलाव्यासाठी वापरलेल्या लोखंडी जाळीचा एक तुकडा त्याला गॅरेजमध्ये सापडला. पत्र्याला एकाआड एक चिरा पाडून तो ताणला की चौकटी उघडतात आणि उघड्याच राहतात, हे पाहून त्याला नळीची कल्पना सुचली. या कल्पनेत पैसा घालणारा भागीदार चक्क एक हॉटेलवाला होता, फिल रोमानो.

पाल्माझची नळी मजबूत होती, पण ताठ. हृदयाच्या धमन्या वळणावळणाच्या. ताठ नळी वळणावर अडायची. रिचर्ड शॅट्झ या हृदयरोगतज्ज्ञाने तोडगा काढला: नळीचे दोन तुकडे करा आणि मध्ये एक मिलिमीटरचा जोड ठेवा. नळी वळू लागली. १९९४ मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली, आणि नुसत्या फुग्यापेक्षा स्टेंटने धमनी पुन्हा बंद होण्याचं प्रमाण घटतं हे दाखवणारे दोन मोठे अभ्यासही त्याच वर्षी छापून आले. पण नंतर तपासणीत दिसू लागलं की पुन्हा मांस वाढतं ते बऱ्याचदा नेमकं त्या जोडाच्या जागी. एक मिलिमीटर उघडा राहिला होता, तिथे टेकू नव्हता. लवचिकता मिळाली आणि तिची किंमत तिथेच, त्याच मिलिमीटरात वसूल झाली. पुढचं सगळं थोड्याफार फरकाने याच चालीवर घडलं आहे.

आजचा स्टेंट धातूच्या बारीक नळीतून लेझरने कोरतात. उभ्या लांबीत पाहिलं तर तो नागमोडी कड्यांची एक रांग असतो आणि शेजारशेजारची कडी ठिकठिकाणी दुव्यांनी जोडलेली असतात. कड्याची काडी किती जाड, नागमोडी वळणं किती आणि दुवे किती, या तीन गोष्टींवर जवळजवळ सगळं ठरतं. धातू आणि औषधाचा लेप हे त्यानंतर येतात.

जाडी आधी घेऊ. जाड काडी धमनीला घट्ट उचलून धरते, एक्सरेच्या पडद्यावर स्वच्छ दिसते, हाताळायला धट्टीकट्टी असते. पण ती रक्ताच्या वाटेत जास्त बाहेर डोकावते. तिच्यामागे रक्ताचा प्रवाह मंदावतो, भोवरे होतात, भिंतीला जास्त इजा पोचते आणि जखम भरताना मांस जास्त वाढतं. म्युनिकच्या डॉक्टरांनी २००१ मध्ये ही गोष्ट फार सरळपणे तपासली. एकाच कंपनीचे, जवळपास एकाच आराखड्याचे दोन स्टेंट घेतले. एकाची काडी ५० मायक्रॉनची, दुसऱ्याची १४०. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणजे या दोघांतला फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. औषधाचा लेप दोन्हींवर नव्हता. धमनी पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण बारीक काडीत १५ टक्के निघालं आणि जाड काडीत २५.८ टक्के. त्यानंतर सगळ्या कंपन्या काडी बारीक करण्याच्या मागे लागल्या.

पण पोलादाची काडी नुसती बारीक करत गेलं तर ती दबते. म्हणून पोलाद सोडून कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू आला. तो पोलादापेक्षा ताकदवान आणि घनही, त्यामुळे बारीक काडीतही जोर राहतो आणि एक्सरेवर दिसतो. २००३ मध्ये अमेरिकेत आलेल्या, औषध सोडणाऱ्या पहिल्या सायफर स्टेंटची काडी पोलादाची, १४० मायक्रॉनची होती. पुढच्या पिढीतल्या झायन्सची काडी ८१ मायक्रॉन झाली आणि आता ६० मायक्रॉनचे स्टेंट सर्रास वापरात आहेत. हा सौदा बहुतांशी फायद्यात गेला, हे मान्य करायला हवं. बहुतांशी म्हणतो, कारण धमनी चुन्याने दगडासारखी घट्ट झालेली असली की बारीक काडी तिच्यापुढे हरू शकते. मधुमेह जुना असेल, किडनी अधू असेल तर अशा धमन्या हमखास भेटतात.

आता दुवे. मला विचाराल तर या विषयातला सगळ्यात बोधप्रद प्रकार इथे घडला. कड्यांमध्ये दुवे जास्त ठेवले तर स्टेंट लांबीच्या दिशेने पक्का राहतो, पण वळणावर ताठ होतो आणि धमनीच्या बाजूला फुटणाऱ्या फांदीच्या तोंडावर जाळं पसरतं. दुवे कमी केले की स्टेंट वळणातून सळसळत पुढे जातो, वाकड्या धमनीशी जुळवून घेतो, फांदीत शिरायला मोठी फट देतो. डॉक्टरांची पसंती साहजिकच याला. सगळ्या कंपन्या दुवे कमी करत आल्या. बहुतेकांनी तीन ठेवले. बॉस्टन सायंटिफिकच्या प्रोमस एलिमेंट या प्लॅटिनम-क्रोमियमच्या स्टेंटमध्ये दोनच राहिले. स्टेंट घालायला अतिशय सोपा, दिसायला स्पष्ट, सगळे खूश.

आणि मग २०११ मध्ये बेलफास्टच्या डॉक्टरांनी काही विचित्र चित्रं छापली. स्टेंट बसवून झाल्यावर दुसरा फुगा किंवा तपासणीची तार आत सरकवताना, किंवा कॅथेटरचं टोक पुढे जाताना, ते स्टेंटच्या तोंडाला अडकलं होतं आणि स्टेंट लांबीच्या दिशेने आत चेपला गेला होता. त्या टोकाला कडी एकमेकांवर चढली होती, धमनीचा काही भाग उघडा पडला होता. व्यासाच्या दिशेने स्टेंट ठणठणीत होता. गोल दाबाला तो किती टिकतो हे सगळ्यांनी मोजलं होतं. लांबीच्या दिशेने तो किती सोसतो, याची तोवर फारशी फिकीर कुणी केलीच नव्हती, कारण जुने ताठ स्टेंट तसे चेपतच नसत. न्यूझीलंडच्या जॉन ऑर्मिस्टन यांनी प्रयोगशाळेत वेगवेगळे स्टेंट दाबून-ताणून पाहिले तेव्हा दोन दुव्यांचा आराखडा सगळ्यात सहज चेपला. गंमत अशी, की प्लॅटिनममुळे तो पडद्यावर इतका ठळक दिसायचा की त्याचं वाकणंही ठळक दिसलं. इतर स्टेंटमध्ये असं काही होत असलं तर ते नजरेतून निसटण्याचा संभव जास्त. कंपनीने पुढच्या आवृत्तीत आराखडा बदलला, पण सगळीकडे नाही. जिथे मार बसतो त्या मागच्या टोकाच्या कड्यांनाच जादा दुवे दिले, बाकीची लांबी तशीच लवचिक ठेवली. मला हा उपाय फार आवडतो. सौदा मोडला नाही, फक्त तो कुठे करायचा ती जागा बदलली.

दुवे जास्त असण्याचं दुखणं वेगळं. हृदय मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाला एक लाख, आणि दहा वर्षांत छत्तीस कोटींच्या पुढे. प्रत्येक ठोक्याला धमनी वाकते, पिळली जाते, आणि तिच्यातला स्टेंटही. कुंपणाची तार पक्कड नसताना तोडायची असली की आपण ती एकाच जागी पुढे-मागे वाकवत राहतो. एका झटक्यात न तुटणारी तार थकून तुटते. स्टेंटची काडी अशीच थकते. उजवी धमनी हृदयाच्या खाचेतून वळसा घेऊन जाते आणि ठोक्यागणिक बिजागरीसारखी उघडमिट करते, तिथे हे जास्त होतं. लांब स्टेंट, एकावर एक चढवलेले दोन स्टेंट आणि ताठ आराखडा असला तर आणखी. सायफरच्या जाळीची घरं बंदिस्त होती, म्हणजे प्रत्येक वळण शेजारच्या कड्याला जोडलेलं, त्यामुळे तुटण्याच्या तक्रारी त्याच्याबाबत सर्वाधिक आल्या. जिवंत पेशंटच्या अँजिओग्राफीत असे तुकडे थोड्यांमध्येच सापडत. पण मूळच्या भारतीय असलेल्या रेणू विरमाणी यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेने २००९ मध्ये मृत्यूनंतर काढलेले स्टेंट बारकाईने पाहिले, तेव्हा १७७ जागांपैकी ५१ जागी, म्हणजे २९ टक्के ठिकाणी, कुठे ना कुठे काडी तुटलेली होती. हा आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही. त्यातल्या बहुतेक भेगांनी फारसं काही बिघडवलं नव्हतं. स्टेंटचे दोन तुकडे होऊन मध्ये फट पडली होती अशा थोड्या जागांवर मात्र गुठळी आणि पुन्हा वाढलेलं मांस आढळलं. आज कुठलाही स्टेंट बाजारात येण्याआधी त्याला प्रयोगशाळेत दहा वर्षांच्या ठोक्यांएवढे, सुमारे चाळीस कोटी, झटके सोसून दाखवावे लागतात.

इथे गावाकडून नेहमी येणाऱ्या एका शंकेचं उत्तर देऊन टाकतो. कापसाचं पोतं उचललं, खताची गोणी खांद्यावर घेतली तर स्टेंट सरकतो का? नाही. बारा-पंधरा वातावरणांच्या दाबाने तो भिंतीत रुतवलेला असतो आणि काही आठवड्यांत त्यावर धमनीचं अस्तर चढायला लागतं. स्टेंट सरकतो तो फक्त बसवताना, फुग्यावरून निसटून. जुन्या काळी डॉक्टर बोटांनी दाबून स्टेंट फुग्यावर बसवत तेव्हा हे बऱ्यापैकी घडे. आता कारखान्यातच तो दाबून बसवलेला येतो आणि निसटण्याचं प्रमाण शंभरात एकाहून कमी आहे. ओझं किती दिवसांनी उचलायचं हा प्रश्न खरा आहे, पण तो झटक्याने दमलेल्या हृदयाच्या स्नायूचा आणि मनगट किंवा जांघेतल्या जखमेचा आहे, स्टेंटचा नाही. एमआरआयचंही तसंच. हे धातू चुंबकाकडे ओढले जात नाहीत, एमआरआय करता येतो.

आता ज्या दोषामुळे खरं नुकसान सर्वाधिक होतं, त्याकडे येऊ. त्याचा कंपनीशी संबंध सगळ्यात कमी. स्टेंट पुरता न उघडणं.

तीन मिलिमीटर व्यासाचा स्टेंट पूर्ण उघडला तर त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ सात चौरस मिलिमीटर भरतं. तोच चुन्यात अडकून अडीच मिलिमीटरच उघडला, तर क्षेत्रफळ पाच चौरस मिलिमीटरच्या खाली जातं. व्यासात फरक अर्ध्या मिलिमीटरचा, पण वाट तीस टक्क्यांनी अरुंद. अशा जागी पुन्हा अडथळा होण्याची आणि गुठळी होण्याची शक्यता वाढते. आणि अँजिओग्राफी ही शेवटी रंगाची सावली असते. सावलीत हे नेहमी कळत नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला स्टेंट बसवलेल्यांच्या धमनीत गुठळ्या होत म्हणून त्यांना वॉरफेरीनसारखी जबर रक्त पातळ करणारी औषधं देत, माणसं रक्तस्रावाने दवाखान्यात अडकून पडत. मिलानच्या अँटोनिओ कोलंबो यांनी धमनीच्या आतून अल्ट्रासाउंड करून पाहिलं तर चांगले बसल्यासारखे दिसणारे कितीतरी स्टेंट अर्धवट उघडलेले होते. त्यांनी जास्त दाबाने फुगा पुन्हा फुगवून ते पूर्ण उघडले, आणि १९९५ मध्ये दाखवून दिलं की असं केलं तर वॉरफेरीनची गरजच उरत नाही. दोष रक्तात कमी आणि बसवण्यात जास्त होता.

अर्थात इथेही सौदा आहेच. दाब जास्त दिला तर धमनीची कड फाटू शकते. ताठ स्टेंट जिथे संपतो आणि मऊ धमनी सुरू होते त्या सीमेवर चीर पडते. क्वचित धमनी फुटते. म्हणून घट्ट चुना असेल तर आधी वाट तयार करायची असते. हिऱ्याचे कण बसवलेली बारीक गोळी मिनिटाला दीड लाखाच्या आसपास फेऱ्यांनी फिरवून चुना घासतात, किंवा मुतखडा फोडतात त्याच तत्त्वावरच्या दाबलहरी फुग्यातून सोडून चुन्याला तडे देतात. मग स्टेंट, मग पुन्हा कडक फुगा. धमनीच्या आतून अल्ट्रासाउंडने किंवा प्रकाशाने पाहणं गुंतागुंतीच्या जागांसाठी करावंच, असं युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना ठामपणे सांगतात. आपल्याकडे ते सरसकट होत नाही, कारण त्याची तार महाग आहे. बाकावर बसलेल्या भावाला खर्च करायचाच असेल तर विदेशी नावापेक्षा या तारेवर केलेला खर्च जास्त कामी येईल, असं माझं स्पष्ट मत आहे. सगळ्यांना ती लागते असं मात्र नाही. साध्या, आखूड, मऊ अडथळ्यात तिच्यावाचून काही अडत नाही.

औषधाच्या लेपाबद्दल थोडक्यात. नुसत्या धातूच्या स्टेंटमध्ये चार-पाचांतल्या एकात पुन्हा मांस वाढायचं. त्याला आवर घालणारं पहिलं औषध सिरोलिमस. ईस्टर बेटाच्या मातीतल्या जंतूपासून ते निघालं, आणि त्याचा पाठपुरावा ज्यांनी हट्टाने केला ते सुरेंद्रनाथ सेहगल हे अविभाजित पंजाबात जन्मलेले शास्त्रज्ञ. २००२ च्या पहिल्या अभ्यासात सहा महिन्यांनी एकाही पेशंटची धमनी पुन्हा अरुंद झालेली नव्हती, तर नुसत्या धातूच्या गटात हे प्रमाण २६ टक्क्यांच्या वर होतं. डॉक्टरांना वाटलं, लढाई जिंकली. पण मांस वाढू न देणारं औषध अस्तरही लवकर चढू देत नाही. काडी उघडी राहते, औषध धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या थराला भिंत कुरकुरते, आणि वर्षा-दोन वर्षांनी अचानक गुठळी. २००६ च्या सप्टेंबरात बार्सिलोनाच्या परिषदेत यावरून गदारोळ झाला. त्यानंतरचे लेप सुधारले, काही विरघळून जाणारे आले, औषधाची मात्रा घटली. पण झटक्यानंतर साधारण वर्षभर ॲस्पिरीनसोबत दुसरी रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यायची, हा नियम याच सौद्याचा उरलेला हप्ता आहे. दाढ काढायची म्हणून, उपवास म्हणून, किंवा कापूस विकला गेला नाही म्हणून ही गोळी परस्पर बंद करणं हे कुठल्याही वाकलेल्या काडीपेक्षा धोक्याचं.

मग कुणाला तरी वाटणारच होतं, की टेकू काही महिनेच लागतो तर तो कायमचा धातूचा कशाला? विरघळणारा स्टेंट. कल्पना इतकी सुंदर की तिच्यावर टीका करणं अवघड होतं. ॲबट कंपनीचा अबसॉर्ब पॉलिलॅक्टिक आम्लाचा होता, तीनेक वर्षांत नाहीसा होणारा. भारतातही तो आला आणि बाजारातल्या सगळ्यात महागड्या मालात मोडला. ज्यांना परवडत होतं त्यांनी तो हौसेने घेतला. पण हे प्लॅस्टिक धातूच्या ताकदीचं नव्हतं, म्हणून काडी दीडशे मायक्रॉनच्या पुढे जाड ठेवावी लागली. म्हणजे म्युनिकच्या अभ्यासाने जे शिकवलं त्याच्या उलट दिशेने. शिवाय ठरल्या मापापेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त फुगवला तर तो तडकायचा. जाड काडी, त्यामागचे भोवरे, मध्येच विरघळताना ढिला होऊन आत लोंबणारा तुकडा. गुठळ्यांचं प्रमाण धातूच्या स्टेंटपेक्षा जास्त निघालं. अमेरिकेत जुलै २०१६ मध्ये परवानगी आणि सप्टेंबर २०१७ मध्ये जगभर विक्री बंद. पैसे जास्त मोजून कमी मिळाल्याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण या क्षेत्रात मला माहीत नाही.

भारतात त्याच २०१७ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने स्टेंटच्या कमाल किमती बांधून दिल्या. नुसत्या धातूचा ७,२६० रुपये, औषधाचा २९,६०० रुपये. त्याआधी औषधाचे स्टेंट लाखाच्या पुढेही विकले जात. पुढे हे आकडे वेळोवेळी बदलले, पण मुद्दा कायम राहिला: औषधाच्या सगळ्या स्टेंटना एकच कमाल किंमत. भारी किमतीवरून भारी माल ओळखायची सोय तिथेच संपली.

आणि देशी-विदेशीचं म्हणाल तर त्याची परीक्षाही झाली आहे, तीही युरोपात. सुरतेच्या सहजानंद मेडिकल टेक्नॉलॉजीजचा सुप्राफ्लेक्स, काडी ६० मायक्रॉन, आणि अमेरिकन झायन्स, काडी ८१, यांची तुलना युरोपातल्या सात देशांतल्या १,४३५ पेशंटमध्ये झाली. निकाल २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. वर्षभरात हृदयाच्या कारणाने झालेला मृत्यू, झटका किंवा पुन्हा करावी लागलेली अँजिओप्लास्टी मिळून सुप्राफ्लेक्समध्ये ४.९ टक्के आणि झायन्समध्ये ५.३ टक्के. म्हणजे कुणी कुणाहून कमी नाही. यावरून प्रत्येक देशी स्टेंट उत्तम असं मी म्हणणार नाही; बाजारात बरीच नावं अशी आहेत ज्यांची अशी समोरासमोर परीक्षा झालेली नाही. पण आपल्याकडच्या गरजेतून आलेले काही आराखडे विचार करायला लावतात. मधुमेही पेशंटची धमनी अनेकदा लांबवर खराब असते आणि पुढे जाताना निमुळती होत जाते. सरळ स्टेंट टाकला तर एका टोकाला ढिला, दुसऱ्या टोकाला घट्ट. दोन टाकले तर मध्ये चढवलेला ताठ भाग, आणि तुटण्याची जागा. वापीच्या मेरिल कंपनीने यासाठी साठ मिलिमीटरपर्यंत लांब, एका टोकाला निमुळता स्टेंट काढला. तो सगळ्यांसाठी नाही. आखूड अडथळ्यात इतका धातू कशाला घालायचा?

धातू घालायचाच कशाला, हाही प्रश्न कधी कधी विचारण्यासारखा असतो. झटका येऊन धमनी बंद पडली असेल तर स्टेंटने जीव वाचतो, यात वाद नाही. पण चालताना छातीत भरून येतं, थांबलं की बरं वाटतं, बाकी तब्येत स्थिर, अशा पेशंटमध्ये २००७ चा करेज आणि २०२० चा इस्केमिया या दोन मोठ्या अभ्यासांनी दाखवलं की नीट औषधोपचाराच्या तुलनेत स्टेंटने मृत्यू किंवा झटका टळत नाही. दुखणं मात्र कमी होतं. अशा माणसाला घाईने नागपूरला नेऊन तीन स्टेंट टाकून आणण्यापेक्षा गोळ्या, रक्तदाब, साखर आणि तोंडातला खर्रा यांचा बंदोबस्त आधी व्हायला हवा. खर्ऱ्याबद्दल विदर्भात बोलणं म्हणजे वैर घेणं, पण तंबाखू चालू ठेवून काडीच्या मायक्रॉनवर चर्चा करण्यात काही हशील नाही.

आणि एक काम बाकावर बसलेल्या माणसाने नक्की करावं. मूल्यनिर्धारण प्राधिकरणाच्या आदेशानुसार रुग्णालयाला बिलात स्टेंटची किंमत, कंपनी, नाव आणि बॅच क्रमांक वेगळा दाखवावा लागतो. डब्यावर एक चिकटपट्टी असते, तीवर व्यास आणि लांबीही असते. तिची एक प्रत आणि अँजिओप्लास्टीची सीडी घरी हवी. कारण पाच-सात वर्षांनी पुन्हा त्रास झाला तर पेशंट कदाचित चंद्रपूरला जाईल, कदाचित हैदराबादला, आणि तिथल्या डॉक्टरला पहिला प्रश्न पडेल तो आत बसलेल्या स्टेंटच्या मापाचा. तीन मिलिमीटरचा आराखडा कड्यांच्या वळणांच्या हिशेबाने एका मर्यादेपर्यंतच उघडतो. त्यापलीकडे ताणला तर काड्या तुटतात. आत आधीच एक जाळी असताना दुसरी टाकली की वाट त्या थराने आणखी अरुंद होते. म्हणून अशा ठिकाणी हल्ली औषध लावलेला नुसता फुगा फुगवून काढून घेतात, मागे धातू न ठेवता. त्या फुग्याचं मापही पहिल्या स्टेंटच्या व्यासावरून निवडतात.